तिसरा झेंडा

४ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद आधी, भांडण नंतर.

तू येऊन नवं यंत्र बसवून गेलास त्याला महिना होत आला. जेवलास, ढेकर दिलास, बस पकडलीस, आणि पोचल्याच्या दोन ओळीसुद्धा नाहीत. फोन कर म्हणशील. खाली घरात रेंज कुठली, त्यासाठी पठारावर चढावं लागतं. आणि फोनवर तू "बरंय ताई, बरंय" म्हणून ठेवून देतोस. कागदावर लिहायला बसलं की माणसाला लपता येत नाही, म्हणून पत्रच लिही.

तुमच्या पाणी-सल्ला केंद्राच्या संदेशाची इकडे काय गंमत झालीय ती ऐक. रोज सकाळी सातला पाटकऱ्याच्या फोनवर संदेश येतो, "पाणी द्या" नाहीतर "थांबा". पाटाची दारं उघडायचं काम त्याचं, पण पठारावरच्या चाळीस शेतांत ओरडून सांगायचं कुणी? मग त्याने डोकं लढवलं. आमच्या शेजारच्या शिंपीणकाकूंकडून दोन झेंडे शिवून घेतले. हिरवा म्हणजे पाणी द्या, पांढरा म्हणजे थांबा. पाटाच्या दाराशी उंच काठी रोवली, ती खाली उतारापायथ्याच्या आमच्या चौदाही घरांतून दिसते. आता कुणी आभाळाकडे बघत नाही की मातीकडे. चहा पिता पिता झेंडा बघायचा आणि फावडं उचलायचं.

गेल्या वर्षी हेच लोक हसत होते. तेव्हा मी घरोघर फिरले. म्हटलं, माझा सख्खा भाऊ आहे तिथे, तो खोटं सांगणार नाही. जुन्या यंत्राने पाणी निम्म्यावर आणलं आणि बटाटा दीडपट झाला. तेव्हापासून झेंडा म्हणेल ती पूर्व दिशा.

पण तुझं नवं यंत्र बसल्यापासून पांढरा झेंडा एकदाही लागलेला नाही. रोज हिरवाच. काल मी सरीतली माती घेऊन मूठ वळली. गोळा झाला. खांद्याच्या उंचीवरून सोडला, फुटला नाही. न फुटलेल्या गोळ्याला पाणी लागत नाही, हे बाबांनी तुलाही शिकवलंय. मग तुझं यंत्र रोज कसलं पाणी मागतं?

बाकी ठीक. मागच्या दाराने मात्र छळ मांडलाय, खाली घासतं. सुताराला रंधा मारायला बोलावलंय.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, आणि भांडण मान्य.

तुझी मूठ वरची वीतभर माती बघते. माझं यंत्र हातभर खोल बघतं, दिवसातून चोवीस वेळा. वर ओलं आणि खाली कोरडं असं होतं पुष्कळदा. तेव्हा तुझी मूठ झाकलेलीच बरी, सव्वा लाखाची राहील! यंत्र मागतंय तर द्या पाणी. संदेश माणूस पाठवत नाही, आकडा आला की आपोआप जातो. त्यात माझी लुडबुड नाही.

आता बातमी. सात वर्षं हंगामी म्हणून राबलो, यंदा कायम व्हायची वेळ आलीय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात यादी लागेल. साहेबांनी स्वतः माझी फाईल मागवून घेतली. आमच्या खोलीत सहा जण, जागा दोन. सगळे एकमेकांशी इतकं गोड बोलतायत की भीती वाटते.

म्हणून एक बारीकशी गोष्ट. यंत्र शेताच्या मध्यभागी, कडेपासून निदान वीस पावलं आत बसवायचा नियम आहे. त्या दिवशी तुझ्या हातचं जेवून सुस्ती आली होती, बसची वेळ झाली होती, आणि यंत्राचा तो खांब मध्यापर्यंत चिखलातून ओढत न्यायचा म्हणजे... मी तो वाटेलगत, उताराच्या कडेलाच बसवला. फॉर्मवर मात्र "मध्यभागी" लिहिलंय. नांगराच्या आड येत नाही, तुमचीही सोयच झाली. कुणी तपासायला आलं तर तेवढं सांभाळून घे. फरक काही पडत नाही, पण यादीच्या तोंडावर उगाच नाट नको.

दार फुगलं असेल. लाकूड आहे, फुगायचंच.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

कायम होणार म्हणतोस, ऐकून जीव सुखावला. बाबा असते तर थापी हातात घेऊन नाचले असते. जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या गवंड्याचा मुलगा खुर्चीवर कायमचा बसणार! तपासायला कुणी आलं तर माझं तोंड बंद राहील, पण मला ते आवडलेलं नाही. घाई तुझी आणि खोटं माझं, हा कुठला न्याय?

दाराचं सांगते. सुतार येऊन रंधा मारून गेला. चार दिवसांनी पुन्हा घासायला लागलं. परत बोलावला तर त्याने ओळंबा लावून बघितला. म्हणाला, "ताई, दार सरळ आहे. चौकट कललीय." असल्या कोरड्या दिवसांत लाकूड फुगत नाही म्हणे. शिंपीणकाकूंची खिडकी तर आता उघडतच नाही. काकू म्हणतात, "बरं झालं, थंडी येणार नाही." त्यांचं सगळं असंच. गुडघे कामातून गेले तरी म्हणतात, पायमशीन मारायला घोटे पुरतात.

बटाट्याची पानं पिवळी पडतायत. एक झाड उपटलं, खाली बोटभर बटाटे आणि त्यातले दोन पिचपिचीत. मी म्हटलं, पाणी जास्त होतंय. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मीच यंत्राशी दावा मांडलाय.

आणि हे नीट वाच. काल कडेने चालताना तुझ्या खांबामागे गवतात भेग दिसली. बोटभर रुंद. कडेला धरून सरळ गेलीय, मी पावलांनी मोजली, साठ पावलं भरली. लोकांना दाखवली तर काय म्हणाले ठाऊक आहे? "बघा, जमीन भेगाळलीय! म्हणजे कोरडीच आहे. यंत्र खोटं बोलत नाही." आणि दोघा-तिघांनी पाटाचं पाणी वळवून भेगेतच सोडलं, जमिनीची तहान भागावी म्हणून. मी ओरडले, पण काठीवर हिरवा झेंडा फडफडत होता. त्याच्यापुढे माझं कोण ऐकतो?

जमीन कोरडी पडून फाटते तेव्हा सगळीकडून फाटते, जाळीसारखी. ही एकच आहे आणि सरळ आहे. तू शिकलेला आहेस, तूच सांग.

ताई

१९ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घाबरण्यासारखं काही नाही.

मला वाटतं घोळ लहानसा आहे. खड्डा खणून यंत्राच्या काड्या मातीत खोचल्या की भोवती पातळ चिखल ओतून पोकळी बुजवायची असते. ते मी घाईत नीट केलं नसेल. पोकळी राहिली की काडीला माती लागत नाही, हवा लागते, आणि हवेला यंत्र "कोरडं" म्हणतं. म्हणून रोज हिरवा.

तर एक कर. माती चाळून घे, पाण्यात कालवून पातळ रबडा कर आणि खांबाच्या बुडाशी ओत. एक बादली पुरे, फार तर दोन. दोन दिवसांत आकडा सुधारेल, संदेश बदलेल, तुझा पांढरा झेंडा लागेल. केंद्राला कळवू नकोस. कळवलं की तपासणी, तपासणी झाली की फॉर्म, फॉर्म निघाला की "मध्यभागी". यादीला पंधरा दिवस आहेत ग.

भेगेचं म्हणशील तर कडेची माती थोडी सुटतेच. चौकटीचं सुताराला काय कळतंय? त्याला नाचता येईना म्हणून तुझं अंगण वाकडं.

धाकटा

२५ फेब्रुवारी

धाकट्या,

बस खाली आणि मग वाच.

तू सांगितलंस तसं केलं. माती चाळली, रबडा केला, परवा दुपारी खांबाच्या बुडाशी पहिली बादली ओतली. गेली. मला वाटलं, तू म्हणालास तशी पोकळी असेल. दुसरी ओतली, तीही गेली. पाटकरी पाट बघत बघत आला, म्हणाला, "भावाचं यंत्र चांगलंच तहानलेलं दिसतंय!" मीही हसले. मग त्याने पाटातून भरून दिल्या आणि मी ओतत गेले. पाचवी. आठवी. बुडाशी साधं डबकंसुद्धा साठेना. बाराव्या बादलीला आमचं दोघांचं हसणं थांबलं. कान लावला तर पाणी आत खूप खाली पडल्यासारखा आवाज येत होता.

तेव्हा मला बाबा आठवले. बांधलेली टाकी गळायला लागली की बाबा काय करायचे? पाण्यात निळीची पुडी सोडायचे आणि बाहेर बसून विडी ओढायचे. निळं कुठून येतं ते बघायचं, की गळती सापडली. घरी आले, कपड्यांची नीळ होती तेवढी सगळी घेतली, शिंपीणकाकूंकडूनही दोन पुड्या मागून घेतल्या. संध्याकाळ व्हायच्या आत चार बादल्या गडद निळ्या करून त्याच जागी ओतल्या. वाटलं, कुठेतरी उतारावर झुडपात निघेल.

काल सकाळी स्वयंपाकघरात पिठाचा डबा काढायला वाकले. डब्यामागची भिंत निळी होती, धाकट्या. हाताएवढा ओला निळा डाग, आणि फरशीच्या सांध्यांतून निळं पाणी झिरपत होतं. काकूंच्या घरी गेले, त्यांच्या मशीनमागे तसंच. पलीकडच्या दोन घरांतही.

तुझी पोकळी काडीभोवती नाही रे. ती पठाराच्या कडेपासून आमच्या चुलीपर्यंत आहे. डोंगर आतून सुटलाय. आम्ही रोज दिलेलं पाणी मातीत मुरतच नाही, त्या भेगेतून खाली जातं. म्हणून तुझं यंत्र कोरडं राहतं, आणि कोरडं राहतं म्हणून आणखी पाणी मागतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय.

पाटकऱ्याला म्हटलं, आजपासून दार बंद कर. तो बिचारा रडकुंडीला आला. "ताई, झेंडा माझ्या हातात असला तरी माझा नाही. फोन म्हणेल तो लावायचा. उद्या चाळीस जण विचारतील, कुणाच्या हुकमाने बंद केलंस, मी काय सांगू?" त्याचंही खरं आहे.

म्हणून आता लाडीगोडी पुरे. साहेबांकडे जा. जे झालं ते सांग. संदेश बंद कर. तुझी नोकरी मला माझ्या घराइतकी प्रिय आहे, पण चौदा घरांत एकोणसाठ माणसं आहेत.

ताई

१ मार्च

ताई,

तुझं पत्र हातात पडलं आणि तसाच उठून साहेबांच्या खोलीत गेलो. सगळं सांगितलं. कडेचं, फॉर्मचं, बादल्यांचं, निळीचं. साहेब आधी चिडले, मग म्हणाले, बरं झालं वेळेवर सांगितलंत. पाणीही दिलं प्यायला. लगेच दुसऱ्या विभागाला चिठ्ठी पाठवली. उद्या, फार तर परवापासून "थांबा" जाईल. पांढरा झेंडा दिसला की समज, काम झालं.

तोवर उगाच लोकांत घबराट करू नकोस. पाणी बंद झालं की माती सुकेल आणि जागच्या जागी बसेल. असं होतं बऱ्याच ठिकाणी.

माझी काळजी करू नकोस. जे व्हायचं ते होईल.

धाकटा

५ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र परवा मिळालं. वाचून रडले. म्हटलं, माझा भाऊ शेवटी बाबांचा मुलगा निघाला. नोकरीवर पाणी सोडलं, पण खरं बोलला.

काल सकाळी सातला मी स्वतः काठीपाशी जाऊन उभी राहिले. फोन वाजला. "पाणी द्या." आज पुन्हा गेले. "पाणी द्या." पाटकऱ्याच्या फोनवरून तुला चार वेळा लावला. वाजून वाजून बंद झाला. तुझ्या साहेबांची चिठ्ठी वाटेत हरवली का? असेलही. कचेरीच आहे.

पण डोंगराला कचेरीचं काय? भेगेत आता माझा हात कोपरापर्यंत जातो. मागचं दार आज सताड उघडं आहे, बंदच होत नाही. भिंतीत रात्रंदिवस दळल्यासारखा बारीक आवाज येतो. घरोघर जाऊन सांगितलं, सामान राहू द्या, वर पठाराच्या आतल्या अंगाला चला. मलाच समजावतात. "ताई, काही असतं तर झेंडा पांढरा झाला नसता का?" झेंड्यावर विश्वास ठेवा म्हणून यांना मीच तर शिकवलं होतं.

मग शिंपीणकाकूंशी बोलले. त्या एकट्यांनी नीट ऐकून घेतलं. मी उरलेल्या निळीत जुनी चादर बुडवली. काकूंनी हातात घेतली, म्हणाल्या, "कडा दुमडल्याशिवाय देणार नाही, वाऱ्याने फाटेल." आत्ता मी लिहितेय आणि शेजारी त्यांचं मशीन चाललंय.

पाटकऱ्याने खूप विचार केला. शेवटी म्हणाला, "हिरवा उतरवायचा मला हक्क नाही. पण तिसरा लावू नये असं कुठे कुणी सांगितलंय?" उद्या सकाळी हिरव्याच्या वर निळा लागेल. त्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. म्हणूनच सगळे वर विचारायला येतील. सांगितलेलं माणूस ऐकत नाही, पण न कळलेलं विचारायला पोराबाळांसकट धावतं.

तुझा पांढरा आधी लागला तर देवच पावला.

ताई

६ मार्च

ताई,

यादी लागली! पहिलंच नाव माझं. मी कायम झालो. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, खोलीत पेढे... नाही, पेढे आणायला वेळ झाला नाही, चहावरच भागवलं. घाईत लिहितोय, अक्षर बघ कसं आलंय.

फोन उचलता आला नाही, रागावू नकोस. मुलाखती चालू होत्या, बंद ठेवावा लागतो.

पाण्याचं काम मार्गी लागतंय. आता मी कायम आहे, आता मला साहेबांशी मोकळेपणाने बोलता येईल. सोमवारी बोलतोच. म्हणजे पुन्हा एकदा बोलतो. चार दिवसांनी काही बिघडत नाही. तोवर तू मागच्या खोलीत झोपू नकोस म्हणजे झालं.

येताना तुला काय आणू ते कळव.

तुझा,
धाकटा

१० मार्च

धाकट्या,

तुझं सहा तारखेचं पत्र आज मिळालं. पोस्टमन खाली जाऊन परत आला, त्याला घर सापडेना. घर नाहीच तर सापडणार कसं? मग पठारावरच्या गोदामात हुडकत आला. आम्ही सगळे इथे आहोत.

सहा तारखेला सातला निळा झेंडा लागला. मी म्हटलं तसंच झालं. पहिल्यांदा पोरं आली, मग बायका, मग "काय नवीन खूळ काढलंय" म्हणत बापे आले. कुणी म्हणालं, निळा म्हणजे खत घालायचं असेल. पाटकरी मुद्दाम सांगेना. "सगळे जमल्यावर सांगतो, एकेकाला सांगणार नाही," म्हणाला. काकूंना त्याने पाठीवर घेऊन अर्धी वाट आणलं होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, मशीनवर झाकण घालायचं राहिलं, धूळ बसेल. तो म्हणाला, राहू दे. ऐकेनात. वाटेतल्या पायरीवर बसून हट्ट धरला. इतक्यात वर कुणाचं तरी पोर कडेला धावलं, म्हणून तो त्याला धरायला वर आला, "काकू, हलू नका, आलोच," म्हणून. काकू पायऱ्यांलगतच्या भिंतीला धरून धरून खाली गेल्या. घोटे पुरतात म्हणायच्या ना. पुरले.

सव्वाआठला कड गेली. आवाज फार मोठा झाला नाही. पोतं टेकवल्यासारखा झाला, आणि मग बराच वेळ चालू राहिला. धूळ बसली तेव्हा चौदा घरांच्या जागी चिखलाचा लोट होता. आम्ही अठ्ठावन्न जण वरून बघत होतो.

काकू अजून सापडल्या नाहीत. मशीन सापडलं. त्यावर झाकण घातलेलं होतं.

मी तीन दिवस स्वतःला समजावत होते, की चिठ्ठी हरवली असेल, दुसरा विभाग ढिला असेल, साहेब विसरले असतील. तुझं सहा तारखेचं पत्र वाचलं आणि समजावणं संपलं. "आता मला मोकळेपणाने बोलता येईल" असं तूच लिहिलंयस. तू साहेबांच्या खोलीत गेलाच नव्हतास. त्यांनी प्यायला दिलेलं पाणीसुद्धा तू मनाने रचलंस. पहिल्याच पत्रात मी म्हटलं होतं, कागदावर माणसाला लपता येत नाही. चुकले. तुला येतं.

तुझ्या खऱ्या बोलण्यावर विसंबून मी दोन दिवस वाट बघितली. त्या दोन दिवसांत काकूंना खाटेसकट, मशीनसकट, झाकणासकट वर आणता आलं असतं. हे दोन दिवस तू आणि मी दोघांनी मिळून वाहायचे आहेत. मी माझा वाटा उचललाय, सगळ्यांना सांगून टाकलंय. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

तुझं यंत्र शाबूत आहे. नव्या कडेवर वाकडं उभं आहे, खांबाचा अर्धा बुंधा उघडा पडलाय, काड्या हवेत लोंबतायत. पाटकऱ्याच्या फोनवर सात तारखेला सकाळी संदेश आला. आठ तारखेला आला. काल आला. आज सकाळीही त्याने फोन आणून माझ्यासमोर धरला. "पाणी द्या."

काय आणू विचारलंस. काही आणू नकोस. यायचं असेल तर ये, भाऊ आहेस, दार तुला बंद नाही, कारण दारच उरलेलं नाही. फक्त निघण्याआधी साहेबांच्या खोलीत जा, आणि या वेळी खरंच जा. यंत्र अजून पाणी मागतंय.

ताई